धोंड्याच्या महिन्यातली लग्नं

टेंभुर्णीच्या स्टँडवर जालन्याची गाडी लागली. सकाळचे आठ वाजले असतील. दादा, म्हणजे माझे वडील, माझी बॅग गाडीत ठेवून खाली उतरले होते आणि खिडकीपाशी उभे होते. ते गावातल्याच शाळेत मास्तर. निम्मं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, त्यामुळे स्टँडवर येईल तो विचारायचा, पोरगी कुठं चालली? दादा प्रत्येकाला तेवढ्याच आवाजात सांगायचे, पुण्याला, एमबीए करायला. एमबीए म्हणजे काय हे विचारणाऱ्याला ठाऊक नसायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही नीट ठाऊक नव्हतं. आई स्टँडवर आली नव्हती. मी आले तर तू जाणार न्हाईस, असं म्हणून ती दारातच थांबली होती.

गाडी हलली. दादा खिडकीच्या गजाला धरून चार पावलं चालले.

"घाबरू नको असं मी म्हणणार न्हाई," ते म्हणाले. "माणूस घाबरून बी काम करू शकतो."

मला त्यातलं फक्त 'घाबरू' तेवढं ऐकू आलं. गाव सोडताना डोळे भरून येतात म्हणे. माझे आले नाहीत. पुण्याला उतरल्यावर रिक्षावाल्याशी आपल्या मराठीत बोलायचं की पुस्तकातल्या, याची मी मनातल्या मनात तालीम करत होते.

आपल्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर तुम्ही बरेच दिवस मागे लागला आहात, की गाव सोडून गेलेल्यांनी आपापलं लिहावं. कुणी चाकणहून लिहिलं, कुणी सुरतेहून. गावात राहिलेल्यांनी त्यावर भरभरून उत्तरं दिली. मीच तेवढी गप्प होते. कारण माझ्याकडे सांगण्यासारखं जे आहे ते राधाच्या आईशी जोडलेलं आहे, आणि राधा या ग्रुपवर आहे. मागच्या आठवड्यात मी पिंपळगाव रेणुकाईला, तिच्या सासरी फोन केला आणि तिला सगळं सांगितलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, लिही. म्हणून लिहितेय.

पुण्यातल्या पहिल्या आठवड्यात मी एक खोली बघायला गेले होते. खोली पसंत पडली, चहा झाला, मग घरमालकीणबाईंनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या कप उचलून आत गेल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या की खोलीचं आधीच कुणाशी तरी बोलणं झालंय, त्यांच्या लक्षातच नव्हतं. त्याच आठवड्यात वर्गात ओळख करून देताना मी म्हणाले, मी जालन्याकडून आल्ते आणि इथं एमबीए करून राह्यले. मागून कुणीतरी ते 'राह्यले' परत म्हणालं, आणि वर्ग हसला. हसणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसेलही. पण मी खाली बसले तेव्हा माझे कान तापले होते, आणि त्या दिवसापासून तोंड उघडण्याआधी मी प्रत्येक वाक्य एकदा मनात बोलून बघायला लागले.

मॅनेजमेंटच्या आधी मी बोलायला शिकले. मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकायचे. 'मंग'चं 'मग' केलं, 'गेल्ते'चं 'गेले होते', 'न्हाई'चं 'नाही'. आईचा फोन आला की जिन्यात जायचे, म्हणजे आमचं बोलणं कुणाच्या कानावर पडणार नाही. आडनाव विचारलं तरच सांगायचं, नाहीतर नुसतं सुजाता. तुमच्यापैकी जे बाहेर गेले त्यांना हे नवीन नसेल. जे राहिले त्यांना वाटेल, एवढं काय त्यात. तेवढंच होतं, पण ते दिवसभर चालायचं.

आमच्या कॉलेजात करिअरचं उद्दिष्ट लिहायचा एक तास असायचा. पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल, दहा वर्षांनी कुठे. आमच्या घरी उद्दिष्ट हा शब्द कधी कुणी वापरला नव्हता. शिकत राहा, पुढचं पुढं बघू, एवढंच दादा म्हणायचे. मी पहिल्यांदा लिहिलं, 'नोकरीत असेन.' सरांनी कागद परत दिला आणि मोठं बघायला सांगितलं. मग मी मोठं लिहायला शिकले. नोकरी लागल्यावर दर वर्षी कंपनीच्या फॉर्मवर लिहायचे: तीन वर्षांत केंद्र व्यवस्थापक, सहा वर्षांत विभागीय व्यवस्थापक. ते वाचून वरचे लोक खूश व्हायचे. खरं उद्दिष्ट लिहायचं असतं तर मी एकच लिहिलं असतं: कुणाला कळू नये.

ती कंपनी बियाण्यांची होती. मुख्य ऑफिस पुण्यात, आणि बियाण्यावर प्रक्रिया करून पाकिटं भरायचं केंद्र जालन्यात. तिथल्या व्यवस्थापकाने नोकरी सोडली तेव्हा आमच्या विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो. ते म्हणाले की मराठवाड्यातलं केंद्र चालवणं अवघड आहे, तिथली माणसं यात्रा आणि लग्नसराई निघाली की काम सोडून गायब होतात, आणि तिथलाच व्यवस्थापक नेमला तर तो त्यांच्यातच गुंततो. म्हणून या वेळी बाहेरचं माणूस पाठवायचंय. मग त्यांनी सहज विचारलं, "तू पुण्याचीच ना?"

मी म्हणाले, "हो सर."

हे दोन शब्द बोलायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात झालं. घरी आल्यावर मी दार लावून पलंगावर बसले. जी जागा मला आणखी तीन वर्षांनी मिळेल असं फॉर्मवर लिहिलं होतं ती आत्ताच मिळत होती, आणि ती मी कुठली आहे हे लपवल्यामुळेच मिळत होती.

फेब्रुवारीत मी जालन्यात आले. ज्या शहरात मी दादांचा हात धरून वह्या-पुस्तकं घ्यायला यायचे, तिथे मी चारचाकीच्या मागच्या सीटवर बसून पुण्याच्या मॅडम म्हणून आले. बाजारात जाताना मी तोंडाला स्कार्फ बांधायचे. ऊन आहे म्हणायचे. खरं तर टेंभुर्णीचं कुणी भेटेल ही धास्ती होती. घरी सांगितलं की बदली जालन्याला झालीय पण सीझन आहे, वेळ मिळत नाही. एकदा दादांचा फोन आला, पेन्शनच्या कामाला जालन्याला येऊन राह्यलो, तुझ्या ऑफिसात डोकावतो. मी म्हणाले, दादा, मी पुण्याला आलेय. त्या वेळी मी माझ्या खुर्चीतच बसले होते. ते बरं बरं म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सर पुण्याहून आले आणि आम्ही दोघं केंद्र बघत फिरलो. शेवटचा विभाग होता तो औषध लावायचा. कपाशीच्या सरकीला तिथे बुरशीचं औषध आणि लाल रंग लावतात आणि वाळल्यावर पाकिटं भरतात. भरताना तिची लाल भुकटी उडते. ती ओढून घ्यायला छताजवळ एक मोठा पंखा होता. बायका त्या जागेला लाल खोली म्हणायच्या. दहा-बारा बायका तोंडाला फडकी बांधून काम करत होत्या. त्यातल्या एकीने हात थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. तिने फडकं खाली ओढलं.

"तू गुरुजींची सुजी न्हाई का?" ती म्हणाली.

ती कोंडामावशी होती. राधाची आई. त्यांची मेंढरं होती तेव्हापासून मी त्यांना ओळखत होते. शाळा सुटल्यावर राधा आणि मी त्यांच्याच अंगणात अभ्यास करायचो. आपल्या गावात मला पाणी वरून ओतणारी घरं होती, हे तुम्हाला माहीत आहे, आपण त्यावर कधी बोललो नाही एवढंच. कोंडामावशी मला त्यांच्या माठातून हाताने पाणी घ्यायला सांगायच्या. हे मोठं होतं हे मला लहानपणी कळलं नाही. पुण्यात ते कप आत गेले त्या दिवशी कळलं.

सर माझ्या शेजारी उभे होते.

"न्हाई," मी म्हणाले. ते ऐकून मीच दचकले, कारण सहा वर्षं घासून काढलेला शब्द जसाच्या तसा बाहेर आला होता. मी घाईघाईने म्हणाले, "नाही. तुमची काहीतरी गफलत होतेय."

कोंडामावशींनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. "आसंल, मॅडम," त्या म्हणाल्या, फडकं वर घेतलं आणि पाकीट भरायला लागल्या.

सरांच्या काही लक्षात आलं नाही. त्यानंतर मी लाल खोलीत जायचं टाळलं. गेलेच तर कोंडामावशींच्या दिशेने बघायचे नाही. रोज सकाळी केंद्रावर येताना वाटायचं की आज त्यांनी सगळ्यांना सांगितलं असेल. जेवणाच्या सुट्टीत बायका हसल्या की माझ्यावर हसतायत असं वाटायचं. सुपरवायझर केबिनमध्ये आला की मी त्याच्या तोंडाकडे बघायचे, याला कळलंय का. दोन महिने गेले. कुणालाच काही कळलं नव्हतं.

मधल्या काळात सरांनी माझ्याकडून एक अहवाल मागवला होता: स्थानिक संस्कृती आणि गैरहजेरी. मी तो चांगला लिहिला. यात्रा, लग्नं, धोंडे जेवण, मयत, सगळं एखाद्या परक्या माणसाने लांबून बघून लिहावं तसं लिहिलं. 'या भागात नातेसंबंधांना कामापेक्षा अधिक प्राधान्य दिले जाते,' असं एक वाक्य होतं. सरांना ते आवडलं आणि त्यांनी ते वरच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. मला अभिनंदनाचा मेल आला. तो मी दोनदा वाचला, आणि मग वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

एप्रिलच्या शेवटी लाल खोलीतल्या पंख्याची मोटर जळाली. नवी बसवायला पाकिटं भरायची लाइन तीन दिवस बंद ठेवावी लागणार होती, आणि पेरणीच्या आधीचे ते दिवस म्हणजे आमचा सगळा सीझन. सर फोनवर म्हणाले, खिडक्या उघड्या ठेवा, मास्क द्या, सीझन संपला की बघू. देखभालीच्या वहीत 'काम पुढे ढकलले' असं लिहिलं गेलं आणि त्याखाली सही मी केली. सरांनी माझा हात धरून करून घेतली नव्हती. तीन दिवस लाइन बंद ठेवणारी व्यवस्थापक म्हणून माझं नाव पुण्याला जाईल, या भीतीने मी केली.

मास्क आले. कागदासारखे पातळ होते. उन्हाळा एवढा होता की बायका ते घामाने भिजले की काढून ठेवायच्या.

मे संपताना गैरहजेरी वाढली. लाल खोलीतल्या तीन बायका एका आठवड्यात, मग आणखी दोन. कोंडामावशी चार दिवस नव्हत्या. हजेरीचं रजिस्टर माझ्यासमोर होतं आणि कारणाच्या रकान्यात सुपरवायझरने कामाला बायका पुरवणाऱ्या ठेकेदाराचं ऐकून लिहिलेलं होतं: लग्न, लग्न, पुतणीचं लग्न, लग्न. सरांना पाठवायच्या तक्त्यात मी ते उतरवून घेत होते. तिसऱ्या की चौथ्या ओळीला माझा हात थांबला.

यंदा अधिक महिना उन्हाळ्यात आला होता. आपल्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. त्यात जावयाला जेवायला बोलावतात, पण लग्न धरत नाहीत. आमच्या बौद्ध घरांत त्या महिन्यातही लग्नं होतात, ती गोष्ट वेगळी. पण लाल खोलीतल्या ज्या बायका गैरहजर होत्या त्यांच्या घरांत धोंड्याच्या महिन्यात लग्न निघणं शक्यच नव्हतं. पुण्याच्या मॅडमला हे कळलं नसतं. मला कळायला हवं होतं, आणि ते लक्षात यायला मला आठवडा लागला.

ठेकेदाराकडून पत्ता घेऊन मी त्याच दुपारी जुन्या जालन्यात कोंडामावशींच्या खोलीवर गेले. एकटीच गेले. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. त्यांचं दार उघडं होतं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे लाल, मानेवर आणि हातावर पुरळ. मला बघून त्या उठायला लागल्या आणि खोकल्याची उबळ आली. ती संपेपर्यंत मी दारातच उभी राहिले. मुलगा कामावर गेला होता. टेंभुर्णी सोडून दोन वर्षं झाली होती त्यांना. मेंढरं विकली आणि त्या मुलाबरोबर इथे आल्या. म्हणजे त्यांनीही गाव सोडलंच होतं, माझ्यासारखंच, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"बसा मॅडम," त्या म्हणाल्या.

मी खाली बसले. काय बोलायचं ते मी वाटेत ठरवलं होतं, पण ते आठवेना. मी म्हणाले, "मावशी, मी सुजीच हाये."

"ते मला ठाऊक हाये. पहिल्या दिवशीच वळखलं."

"मंग कुणाला सांगितलं का न्हाई?"

"तू न्हाई म्हणलीस ना. मंग न्हाई." त्यांनी पदराने डोळे पुसले, पाणी सारखं येत होतं. "म्हणलं, पोरीची काही मजबुरी आसंल. राधालाबी सांगितलं न्हाई."

मग मी लग्नाचं विचारलं. त्यावर त्यांना हसू आलं, आणि हसताना परत खोकला.

"बिमार म्हणलं की ठेकेदार लगेच दुसरी बाई आणतो," त्या म्हणाल्या. "लग्न म्हणलं की चार दिवस कुणी काही बोलत न्हाई. तुमच्या साहेबाला वाटतं इथं बारा महिने लग्नंच असतात. मंग आम्ही तेच सांगून राह्यलो."

मी लिहिलेल्या अहवालातलं ते वाक्य मला आठवलं. आणखी चार बायकांना असंच होतंय, एकीला तर रात्री उताणं झोपता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. पंखा बंद झाल्यापासूनच हे सुरू झालं होतं. मॅडमला सांगू या असं एक-दोघी म्हणत होत्या, पण कोंडामावशींनीच त्यांना थांबवलं. का, असं मी विचारलं.

"तू मला वळख देत न्हाईस, मंग ऐकून तरी घेशील का? असं वाटलं," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, भुकटीपासून लांब ठेवा म्हणाले, बाकीच्या बायकांनाही घेऊन या म्हणाले. तिथून केंद्रावर येऊन मी लाल खोलीची लाइन बंद करायला सांगितली. सुपरवायझरला वाटलं त्याने चुकीचं ऐकलं. मी परत सांगितलं. यंत्रं एकेक करून थांबली. मग मी सरांना फोन केला.

सर दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. माझ्या केबिनमध्ये ते, मी आणि सुपरवायझर. मी पंख्याचं सांगितलं, माझ्या सहीचं सांगितलं, पाच बायका आजारी आहेत म्हणाले. त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं.

"इथे तर लग्न लिहिलंय. आजारी कशावरून?"

"सर, हा अधिक महिना आहे. या महिन्यात त्यांच्यात लग्नं होत नाहीत."

"हे तुला कुणी सांगितलं?"

सुपरवायझर माझ्याकडे बघत होता. मला आठवतंय, टेबलाची कड मी दोन्ही हातांनी धरली होती.

"मला माहीत आहे," मी म्हणाले. "मी पुण्याची नाही, सर. मी इथलीच आहे. जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीची. लाल खोलीत काम करणाऱ्या कोंडाबाई माझ्या मैत्रिणीच्या आई. पहिल्या दिवशी त्यांनी मला तुमच्यासमोर ओळखलं होतं, आणि मी नाही म्हणाले होते."

मला वाटत होतं की ते मराठवाड्यावर काहीतरी बोलतील आणि मग मला रागावता येईल. ते तसं काही बोलले नाहीत. सुपरवायझरला बाहेर जायला सांगून त्यांनी रजिस्टर मिटलं.

"मी तुला एक साधा प्रश्न विचारला होता," ते म्हणाले. "खोटं का बोललीस?"

घाबरले होते, याखेरीज माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि कशाला घाबरलीस या पुढच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्या कपांपासून सुरुवात करावी लागली असती. मी म्हणाले, घाबरले होते. त्यांनी ते ऐकलं. त्यांना ते समजलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

लाइन सहा दिवस बंद राहिली. नवी मोटर बसली, चांगले मास्क आले, आणि सगळ्या बायकांची तपासणी झाली. चौघी बऱ्या झाल्या. कोंडामावशींचा खोकला पूर्ण गेला नाही. थंडीत तो वाढेल असं डॉक्टर म्हणतात, आणि थंडी अजून यायचीय. त्या आता दुसऱ्या विभागात बसून बी निवडतात, तिथे औषध नाही. ठेकेदाराने दुसरी बाई आणू नये यासाठी मला चार वेळा भांडावं लागलं. माझी नोकरी गेली नाही. पण वार्षिक बोलणीत सरांनी मला सांगितलं की विभागीय जागेसाठी माझं नाव आता पुढे जाणार नाही, निदान काही वर्षं. पंख्याच्या सहीमुळे, लाइनमुळे की खोट्यामुळे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिन्हींतलं कुठलंही असलं तरी मला ते मान्य करावं लागलं असतं.

जुलैत एका रविवारी मी टेंभुर्णीला गेले. बऱ्याच महिन्यांनी. आईने वांग्याची भाजी आणि भाकरी केली होती. जेवण झाल्यावर दादा बाहेर ओट्यावर बसले, मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. सरांना दिलेलं उत्तर, कोंडामावशी, पंखा. ते पेन्शनच्या कामाला आले होते तेव्हा मी पुण्यात नव्हते, हेही सांगितलं. सांगताना मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. समोरच्या रस्त्याकडे बघत बोलले.

माझ्या मनात आलं, आता दादा उठून आत जातील.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "तुझ्या गेटवरच्या माणसाला विचारलं होतं मी. मॅडम आत हायेत म्हणला. मंग परत आलो."

ते गेटपर्यंत आले होते. फोन त्यांनी तिथूनच केला होता.

"मग तुम्ही मला काही बोलला का नाहीत?"

"काय बोलू?" दादा म्हणाले. "मी नोकरीला लागलो तवा परतूरकडच्या एका गावात पहिली शाळा मिळाली. तिथं मी वर्षभर आडनाव सांगितलं न्हाई. फळ्यावर सुद्धा नुसतं नाव लिहायचो. एकदा तुझा आजा मला भेटायला आल्ता. शाळेच्या दारात उभा. हेडमास्तरानं विचारलं कोण हायेत, तर मी म्हणलो, गावाकडचे हायेत कुणीतरी."

आई दारात येऊन उभी होती. तिलाही हे माहीत नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"आज्यांनी ऐकलं?" मी विचारलं.

"ऐकलं. काही बोलला न्हाई. पाणी पिऊन गेला." दादांनी हातावर हात चोळला. "तसं का म्हणलो ते मी त्याला कधी सांगू शकलो न्हाई. तू मला सांगितलंस."

आम्ही तिघं तिथेच बसलो. संध्याकाळी जालन्याची शेवटची गाडी होती, पण आई म्हणाली उद्या पहाटेच्या गाडीने जा, आणि मी थांबले.

तुम्ही ग्रुपवर विचारलं होतं, आता घर म्हणजे काय वाटतं. ज्यांनी आधी लिहिलं त्यांनी शेताचं लिहिलं, चिंचेचं लिहिलं, ते मलाही आठवतं. पण माझ्यापुरतं खरं सांगायचं तर घर मला वर्षानुवर्षं भीतीची जागा वाटायचं, जिच्यामुळे आपण पकडले जाऊ अशी. भीती अजून गेलेली नाही. नवा माणूस भेटला की तो आडनाव विचारण्याआधीचा तो एक क्षण मला अजून जड जातो. केंद्रात अजून मी काही वाक्यं मनात बोलून बघते. मी जालन्यात किती दिवस राहीन, ठाऊक नाही. यंदाच्या फॉर्मवरचा उद्दिष्टाचा रकाना मी अजून भरलेला नाही.

एवढं मात्र मला त्या ओट्यावर कळलं, की माझ्या आधी याच घरातला एक माणूस एवढाच घाबरला होता, आणि त्याने ते पस्तीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला ते सांगायला जागा मिळाली ती माझ्यामुळे, आणि मला मिळाली ती त्याच्यामुळे. घर म्हणजे काय असं कुणी विचारलं तर आता मी तेवढंच सांगेन.